मंगळ वक्री का होतो, आणि सूर्य मध्यभागी आला कसा?

सूर्यकेंद्री मांडणीच्या इतिहासाबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी एकत्र उत्तरं देत आहोत. शक्य तिथे आकडे दिले आहेत, कारण या विषयातले वाद शेवटी आकड्यांनीच मिटवले. कागद, पेन्सिल आणि साइन-कोसाइन असलेला कॅल्क्युलेटर जवळ ठेवून वाचलंत तर जास्त हाती लागेल.

प्रश्न : पृथ्वी मंगळाला मागे टाकून पुढे जाते, हे नववीच्या मुलांना पटतं. पण त्यामुळे मंगळ उलटा जाताना का दिसावा, हे फळ्यावर नीट दाखवता येत नाही. कागदावर करून घेता येईल का? (शिक्षिका, सांगली)

येईल, आणि तासाभरात होईल. मोठा ड्रॉइंग पेपर आडवा घ्या. डाव्या कडेजवळ, उंचीच्या मध्यावर सूर्याचा बिंदू द्या. तो केंद्र धरून १० सेंमी त्रिज्येचा कंस पृथ्वीसाठी आणि १५.२ सेंमी त्रिज्येचा मंगळासाठी काढा. सूर्यापासून उजवीकडे एक आडवी रेघ ओढा. ही प्रतियुतीची रेघ : सूर्य, पृथ्वी, मंगळ एका ओळीत, दिवस शून्य.

पृथ्वी दिवसाला सरासरी ०.९८६ अंश सरकते, मंगळ ०.५२४ अंश. म्हणजे २० दिवसांत पृथ्वी १९.७ अंश आणि मंगळ १०.५ अंश. दोन्ही कंसांवर या मापाच्या चार खुणा आडव्या रेघेच्या वर आणि चार खाली करा. खालच्या खुणा प्रतियुतीपूर्वीच्या (−८० ते −२० दिवस), वरच्या नंतरच्या. आता एकाच दिवसाची पृथ्वी आणि मंगळ जोडून रेघ पुढे वाढवा आणि ती आडव्या रेघेशी किती कोन करते ते मोजा. तुमच्या वहीत साधारण असे आकडे यायला हवेत : −८० दिवसांना −२ अंश, −६० ला +४.५, −४० ला +८, −२० ला +६, प्रतियुतीला ०, मग −६, −८, −४.५ आणि ८० व्या दिवशी पुन्हा +२. आकडे आधी वाढतात, मग उतरतात, पुन्हा वाढतात. मधला उतार म्हणजे वक्री काळ, सव्वादोन-अडीच महिन्यांचा. दोन्ही टोकांना दिशा जवळजवळ बदलत नाही, तिथे ग्रह स्तंभी.

चुका ठराविक होतात. मुलं कोनमापकाची शून्य रेघ सूर्य-पृथ्वी रेघेवर ठेवतात. तसं केलं की सगळं बिघडतं, कारण मोजायची दिशा दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत हवी. कोनमापक प्रत्येक वेळी मूळ आडव्या रेघेशी समांतरच राहिला पाहिजे. दोन गुण्ये एकमेकांवर सरकवून समांतर रेघा आधीच काढून घ्या. दुसरं, प्रतियुतीजवळ पृथ्वी-मंगळ अंतर कागदावर जेमतेम ५.२ सेंमी असतं. तिथे खूण एक मिलिमीटर सरकली तरी दिशेत एका अंशाहून जास्त फरक पडतो. पेन्सिल टोकदार हवी.

हेच चित्र इतिहासातही कळीचं आहे. ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमीने (इ. स. १५० च्या सुमारास) वक्री गती पृथ्वी स्थिर ठेवूनच उत्तम साधली होती : ग्रह एका छोट्या वर्तुळावर फिरतो आणि त्या वर्तुळाचं केंद्र पृथ्वीभोवतीच्या मोठ्या वर्तुळावर फिरतं. पण मंगळ, गुरू, शनी या तिन्ही ग्रहांच्या छोट्या वर्तुळाची त्रिज्या कायम पृथ्वी-सूर्य रेघेला समांतर राहावी लागे. तीन वेगळे ग्रह सूर्याची एवढी तंतोतंत पाठराखण का करतात, याला त्या मांडणीत उत्तर नव्हतं. सूर्य मध्ये ठेवणाऱ्या कोपर्निकसच्या मांडणीत उत्तर आपोआप मिळतं : ती तिन्ही छोटी वर्तुळं म्हणजे पृथ्वीचीच वार्षिक फेरी, तीन ठिकाणी उमटलेली.

प्रत्यक्ष आकाशात पाहायचं असेल तर पुढची संधी १९ फेब्रुवारी २०२७ च्या प्रतियुतीची. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत मंगळ सिंह राशीत वक्री असेल आणि प्रतियुतीच्या सुमारास मघा ताऱ्याच्या जवळ, थोडा उत्तरेला दिसेल. डिसेंबरपासून दर चार-पाच दिवसांनी तारानकाशावर त्याची जागा टिंबाने दाखवत गेलात तर एप्रिलअखेर पूर्ण फास तयार होईल.

प्रश्न : दुर्बीण नव्हती, तरी कोपर्निकसने ग्रहांची अंतरं कशी काढली? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

किलोमीटरमध्ये काढली नाहीत. पृथ्वी-सूर्य अंतर एक धरून बाकीची त्या पटीत काढली. १५४३ मध्ये न्यूरेंबर्गला छापल्या गेलेल्या त्याच्या ग्रंथाचं खरं बळ आमच्या मते इथेच आहे.

शुक्राचं गणित दोन ओळींचं. शुक्र सूर्यापासून जास्तीत जास्त सुमारे ४६ अंश दूर दिसतो. त्या क्षणी आपली नजर शुक्राच्या कक्षेला स्पर्श करून जाते, म्हणजे शुक्रापाशी काटकोन. मग अंतर = साइन ४६° = ०.७१९. कोपर्निकसचा आकडा ०.७१९ होता, आजचा ०.७२३.

मंगळासाठी प्रतियुतीपासून दिवस मोजायचे. जेव्हा मंगळ सूर्यापासून बरोबर ९० अंशांवर येतो, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी साधारण याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर) असतो, तेव्हा काटकोन पृथ्वीपाशी असतो. सरासरी १०६ दिवस लागतात. मंगळाच्या दोन प्रतियुतींमध्ये सरासरी ७८० दिवस जातात. म्हणजे सूर्यावरून पाहिलं तर पृथ्वी आणि मंगळ यांच्यातला कोन रोज ३६० ÷ ७८० = ०.४६१५ अंशांनी वाढतो. १०६ दिवसांत झाले ४८.९ अंश. अंतर = १ ÷ कोसाइन ४८.९° = १.५२. कोपर्निकस १.५२०, आज १.५२४. गुरूसाठी त्याला ५.२१९ मिळालं (आज ५.२०), शनीसाठी ९.१७ (आज सुमारे ९.५).

आता सावधगिरीची गोष्ट. हे गणित एकाच प्रतियुतीवर करू नका. २७ जुलै २०१८ च्या प्रतियुतीनंतर ९० अंशांवर यायला मंगळाला सुमारे १२९ दिवस लागले. हा आकडा घातलात तर अंतर जवळजवळ २ येतं! २०२७ मध्ये साधारण ९७ दिवस लागतील, त्यातून १.४१ येईल. निरीक्षण बरोबर असतं, गृहीतक चुकतं : मंगळ एकसारख्या वेगाने चालत नाही. सूर्याजवळ असताना तो दिवसाला ०.६३ अंश सरकतो, दूर असताना ०.४४. म्हणून कोपर्निकसला केंद्र बाजूला सरकवावं लागलं, त्यावर आणखी छोटी वर्तुळं चढवावी लागली. मंगळ पुढेही सगळ्यांना छळत राहिला तो याच कारणाने.

आणि एक बाब, जी पाठ्यपुस्तकांत यायलाच हवी. टॉलेमीच्या ग्रंथात मंगळाच्या मोठ्या वर्तुळाची त्रिज्या ६० धरली तर छोट्याची ३९.५ दिली आहे. ६० ÷ ३९.५ करून पाहा : १.५१९. शुक्राचं छोटं वर्तुळ ४३ पूर्णांक १/६ आहे. त्याला ६० ने भागा : ०.७१९. ग्रहमालेची प्रमाणं जवळजवळ १,४०० वर्षं त्या कोष्टकांत होती. पण भूकेंद्री मांडणीत प्रत्येक ग्रहाचं गणित स्वतंत्र असल्यामुळे एका ग्रहाचं माप दुसऱ्याशी जोडता येत नव्हतं. सूर्य मध्ये ठेवला की सगळे ग्रह एकाच मापपट्टीवर येतात.

प्रश्न : कोपर्निकसने वर्तुळावरची वर्तुळं काढून टाकली आणि गणित सोपं झालं, असं वाचलं. खरं का? (वाचक, कोल्हापूर)

अर्धंच खरं. वक्री गतीसाठी लागणारी मुख्य छोटी वर्तुळं गेली. वेगातल्या फरकासाठीची बारीक वर्तुळं राहिली. ग्रंथाच्या कितीतरी आधी लिहिलेल्या त्याच्या छोट्या टिपणात शेवटी ३४ वर्तुळं मोजली आहेत, मुख्य ग्रंथात मांडणी आणखी गुंतागुंतीची झाली.

त्याला खटकत होती ती वेगळीच गोष्ट. टॉलेमीने ग्रहाचा वेग वर्तुळाच्या केंद्रापासून समान न ठेवता बाजूच्या एका रिकाम्या बिंदूपासून समान ठेवला होता. एकसारखी वर्तुळाकार गती हवी, हा आग्रह धरणाऱ्यांना ही तडजोड वाटे. तेराव्या शतकात मराग्याच्या वेधशाळेत नसीरुद्दीन अल-तूसीने आणि चौदाव्या शतकात दमास्कसच्या इब्न अल-शातिरने त्या बिंदूला पर्याय शोधले होते. कोपर्निकसच्या ग्रंथात तीच साधनं दिसतात, आणि त्याची चंद्राची मांडणी इब्न अल-शातिरच्या मांडणीशी जुळते.

अचूकतेत फारसा फरक पडला नाही. कोपर्निकसच्या गणितावर बेतलेली एरास्मुस राइनहोल्डची कोष्टकं १५५१ मध्ये आली. १५६३ च्या गुरू-शनी युतीची वेळ त्यांत काही दिवसांनी चुकली. जुन्या कोष्टकांत ती महिनाभराने चुकली होती. मंगळाच्या जागेत मात्र दोन्हींत अंशांच्या चुका होत्या. कोपर्निकसच्या कक्षांचा मध्यही खरा सूर्य नव्हता. तो पृथ्वीच्या कक्षेचा मध्यबिंदू होता. ही चूक पुढे जर्मन गणिती केप्लरने दुरुस्त केली.

प्रश्न : आर्यभटाने कोपर्निकसच्या हजार वर्षं आधी सूर्यकेंद्री सिद्धांत मांडला होता ना? (वाचिका, नागपूर)

आर्यभटाने जे मांडलं ते मोठं आहे, पण ते वेगळं आहे. इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं स्पष्ट आहे. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा त्याचा दृष्टांत. हे परिवलन. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये त्यावर आक्षेप घेतला आणि पुढच्या बहुतेक ज्योतिर्विदांनी पृथ्वी स्थिरच मानली. सूर्याभोवतीचं परिभ्रमण आर्यभटीयात नाही. तिथे सूर्यही पृथ्वीभोवतीच्या कक्षेत आहे.

मग गैरसमज कुठून आला? आर्यभट बुधाच्या शीघ्रोच्चाच्या (ग्रहाची जागा काढताना वापरायच्या एका फिरत्या काल्पनिक बिंदूच्या) एका युगातल्या, म्हणजे ४३,२०,००० वर्षांतल्या, फेऱ्या १,७९,३७,०२० देतो आणि युगाचे दिवस १,५७,७९,१७,५००. भागाकार करा : ८७.९७ दिवस. हा बुधाचा सूर्याभोवतीचा खरा काल आहे. शुक्राच्या ७०,२२,३८८ फेऱ्यांवरून २२४.७ दिवस येतात, तेही बरोबर. काही अभ्यासकांनी यावरून मुळाशी सूर्यकेंद्री कल्पना असावी असा तर्क केला. बहुसंख्य अभ्यासकांना तो मान्य नाही, आणि आम्हालाही ग्रंथात त्याला आधार दिसत नाही. भूकेंद्री मांडणीतही हा काल निरीक्षणांतून काढता येतो.

सूर्यकेंद्राच्या जास्त जवळ पोचला तो केरळचा नीलकंठ सोमयाजी (जन्म १४४४). सन १५०० च्या सुमारास तंत्रसंग्रहात त्याने बुध-शुक्रांचं गणित दुरुस्त केलं आणि आर्यभटीयावरच्या भाष्यात पाचही ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती, अशी मांडणी केली. युरोपात डेन्मार्कच्या ट्युको ब्राहेने १५८८ मध्ये छापलेली मांडणी ढोबळमानाने अशीच आहे. आपल्याकडे नीलकंठाचं नाव आर्यभटाच्या एक दशांशही घेतलं जात नाही, याचं वाईट वाटतं.

प्रश्न : गॅलिलिओने दुर्बिणीने सूर्यकेंद्री सिद्धांत सिद्ध केला, हे बरोबर का? (विद्यार्थिनी, मडगाव)

त्याने टॉलेमीची मांडणी पाडली. १६१० च्या अखेरीस त्याला शुक्राच्या कला दिसल्या. टॉलेमीच्या मांडणीत शुक्र कायम पृथ्वी आणि सूर्य यांच्या दरम्यान असतो, म्हणून तो फक्त कोरीसारखा दिसायला हवा. गॅलिलिओला तो जवळजवळ पूर्ण गोलही दिसला. म्हणजे शुक्र सूर्याच्या पलीकडे जातो. पण ट्युकोच्या मांडणीतही शुक्र सूर्याभोवतीच फिरतो, त्यामुळे या निरीक्षणाने पृथ्वी फिरते हे ठरत नाही. गुरूच्या चंद्रांनी (जानेवारी १६१०) एवढंच दाखवलं की सगळं काही पृथ्वीभोवती फिरत नाही.

कोर पाहायला १० × ५० ची द्विनेत्री तिवईवर बसवून पुरते. गोल रूपासाठी ४०-५० पट मोठं दाखवणारी छोटी दुर्बीण लागते. अंधार पडण्याची वाट पाहू नका, काळ्या आकाशात शुक्राच्या झगमगाटात आकार हरवतो. संधिप्रकाशातच पाहा. मात्र सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय द्विनेत्री त्या बाजूला वळवू नका.

प्रश्न : गॅलिलिओला जाळलं होतं का?

नाही. जाळलं ते जोर्दानो ब्रूनोला, १६०० मध्ये रोममध्ये, आणि त्याच्यावरचे आरोप मुख्यतः धर्ममतांबद्दलचे होते. कोपर्निकसचा ग्रंथ चर्चकडून १६१६ मध्ये ‘दुरुस्त होईपर्यंत’ रोखला गेला, १६२० मध्ये दुरुस्त्या जाहीर झाल्या. गॅलिलिओला २२ जून १६३३ रोजी शिक्षा झाली आणि १६४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो नजरकैदेत राहिला. कोपर्निकस आणि गॅलिलिओ यांचे ग्रंथ चर्चच्या निषिद्ध यादीतून वगळले गेले ते १८३५ मध्ये.

प्रश्न : पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत ग्रहांच्या कक्षा अंड्यासारख्या लांबट असतात. मग हे आधीच्यांच्या लक्षात कसं आलं नाही? (पालक, ठाणे)

कारण आकृती चुकीची आहे. मंगळाची कक्षा १० सेंमी त्रिज्येने काढा. लंबवर्तुळाचा लहान अर्धअक्ष त्यापेक्षा फक्त ०.४४ मिलिमीटरने कमी भरेल. पेन्सिलीच्या रेघेची जाडी तेवढीच असते. सूर्य मात्र मध्यापासून ९.३ मिलिमीटर बाजूला असेल. म्हणजे कक्षा दिसायला वर्तुळच, फक्त सूर्य बाजूला. टॉलेमी आणि कोपर्निकस यांनी सरकवलेली वर्तुळं इतकी चांगली जुळत ती यामुळेच.

तो अर्धा मिलिमीटर केप्लरला दिसला ट्युकोच्या मोजमापांमुळे. ट्युकोने ह्वेन बेटावर नुसत्या डोळ्यांनी, पण मोठ्या आणि काळजीपूर्वक तपासलेल्या यंत्रांनी, एक-दोन कलांपर्यंत अचूक नोंदी केल्या होत्या (६० कला म्हणजे एक अंश). केप्लरच्या एका चांगल्या वर्तुळाकार मांडणीत ८ कलांची तफावत उरली. ट्युको एवढा चुकणार नाही, म्हणून त्याने मांडणीच टाकून दिली.

त्याची युक्ती वर्गात करून घेण्यासारखी आहे. मंगळ ६८७ दिवसांनी कक्षेत त्याच जागी परततो, पण पृथ्वी तोवर वेगळ्या जागी असते. ६८७ दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन-तीन नोंदींत मंगळ हा स्थिर खांब ठरतो आणि त्यावरून आपलीच, पृथ्वीची, कक्षा मोजता येते. ती नीट कळल्यावर मग उलट्या बाजूने मंगळाची कक्षा. हे १६०९ मध्ये छापलं गेलं, आणि अंतर-काल यांचा तिसरा नियम (वर्षांतल्या कालाचा वर्ग = अंतराचा घन) १६१९ मध्ये. तो ताडून पाहा : मंगळाचा काल १.८८१ वर्षं, वर्ग ३.५४, अंतर १.५२४, घन ३.५४.

तज्ज्ञांचं मन वळवलं ते या गणितानेच, असं आम्हाला वाटतं. केप्लरची कोष्टकं १६२७ मध्ये आली. त्यांवरून त्याने ७ नोव्हेंबर १६३१ चं बुधाचं अधिक्रमण (बुध सूर्यबिंबावरून सरकताना दिसणं) आधीच सांगितलं, आणि पॅरिसमध्ये खगोलज्ञ गासांदीने ते पाहिलं. केप्लर तेव्हा हयात नव्हता.

प्रश्न : मग पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा थेट पुरावा कधी मिळाला? (निवृत्त प्राध्यापक, इंदूर)

१७२८ मध्ये. तोवर न्यूटनचा ग्रंथ (१६८७) येऊन चाळीस वर्षं झाली होती आणि जाणकारांत शंका उरली नव्हती. इंग्रज खगोलज्ञ जेम्स ब्रॅडली तारे वर्षभरात किंचित हलतात का हे पाहत होता. गॅमा ड्रॅकोनिस हा तारा दोन्ही बाजूंना २० विकला हलला (६० विकला म्हणजे एक कला). पण अपेक्षेपेक्षा तीन महिन्यांच्या फरकाने, म्हणजे पृथ्वीच्या जागेनुसार नाही, तिच्या वेगाच्या दिशेनुसार. पृथ्वीचा वेग सेकंदाला ३० किमी, प्रकाशाचा ३,००,०००. गुणोत्तर दहा हजारात एक. त्याला २,०६,२६५ ने (एका रेडियनमधल्या विकलांनी) गुणा, २०.६ विकला. पृथ्वी स्थिर असती तर हे डोलणं नसतं.

जागेनुसार होणारं विस्थापन, म्हणजे पराशय, जर्मन खगोलज्ञ बेसेलने १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्यासाठी जाहीर केलं : ०.३१ विकला. अडीच सेंमीचं नाणं १६-१७ किलोमीटरवरून दिसेल एवढा हा कोन. हा कोन शोधूनही ट्युकोला सापडला नाही, यात नवल नाही. त्याचा आक्षेपही रास्त होता. डोळ्याला ठळक तारे दोन-तीन कलांच्या थाळीएवढे भासतात. तारे पराशय न दिसण्याइतके दूर असतील आणि ही थाळी खरी असेल, तर प्रत्येक तारा पृथ्वीच्या कक्षेहून मोठा निघतो. ती थाळी डोळा आणि प्रकाश यांनी निर्माण केलेला भास आहे, हे बऱ्याच काळाने उमगलं.

फूकोचा लंबक (पॅरिस, १८५१) मात्र या प्रश्नाचं उत्तर नाही. तो परिवलनाचा पुरावा. पॅरिसमध्ये त्याचं प्रतल तासाला सुमारे ११.३ अंश वळतं, मुंबईच्या अक्षांशावर ४.९ वळेल.

प्रश्न : पंचांगात मंगळ वक्री-मार्गी अजूनही देतात. म्हणजे पंचांग भूकेंद्रीच आहे का? (वाचक, रत्नागिरी)

पंचांगातली स्थानं पृथ्वीवरून दिसतात तशी असतात आणि तशीच हवीत. पाहणारे आपण इथे आहोत. प्रश्न ती काढतात कशी हा. आजचं दृक्-गणित (प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं गणित) आधी पृथ्वी आणि ग्रह या दोघांची सूर्यापासूनची स्थानं काढतं, ग्रहाच्या स्थानातून पृथ्वीचं वजा करून पृथ्वीवरून दिसणारी दिशा मिळवतं आणि शेवटी अयनांश (वसंतसंपात आणि पंचांगातल्या राशिचक्राची सुरुवात यांतला कोन, सध्या सुमारे २४ अंश) वजा करतं. तुमच्या कागदावर २०-२० दिवसांच्या खुणा जोडल्या, तेच हे काम.

महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालला तो कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा ग्रहलाघव, सन १५२० चा. त्यात ज्या-कोज्यांचा (साइन-कोसाइनचा) वापर टाळून गणित सोपं केलं आहे आणि पृथ्वी स्थिर आहे. पण मंगळ, गुरू, शनी यांना जो शीघ्रफल संस्कार देतात, त्यात शीघ्रोच्च म्हणून मध्यम सूर्य (एकसारख्या वेगाने चालतो असा मानलेला सूर्य) घेतलेला असतो. हा संस्कार म्हणजे पृथ्वीच्या वार्षिक फेरीचा परिणामच, गणिताच्या वेगळ्या भाषेत. त्यामुळे जुन्या पंचांगात मंगळाची जागा काही अंशांनी चुकलेली आढळली तर दोष पृथ्वी मध्ये ठेवण्यात शोधू नका. मध्यम गतीतली बारीक चूक शतकानुशतकं साठत जाते आणि मंगळाच्या असमान वेगासाठीचा मंदफल संस्कार अपुरा पडतो, दोष तिथे असतो. तेच आकडे सूर्यकेंद्री मांडणीत घातले तरी उत्तर तितकंच चुकेल.